बाळाच्या टांचेंतील रक्ताचा थेंब

१९३४ सालची गोष्ट आहे. नॉर्वे देशाची राजधानी ओस्लो. तेथील एक माता कित्येक वर्षें आपल्या दोन मुलांना घेऊन डॉक्टरांचे उंबरठे झिजवीत होती. थोरली मुलगी सहा-सात वर्षांची, धाकटा मुलगा चार वर्षांचा. जन्मलीं तेव्हां दोन्ही मुलें सुदृढ होतीं. पण दिवस जाऊं लागले तशी त्यांच्या वाढीची रीत निराळीच दिसूं लागली. मुलीला मोजके शब्द बोलतां येत, पण त्यांत अर्थ थोडा. मुलगा तर ना चाले, ना बोले, ना समोर धरलेल्या वस्तूवर नजर स्थिर करी. डॉक्टर तपासत, मान हालवीत आणि मूल मतिमंद आहे, इलाज नाहीं, असें सांगून मोकळे होत. मातेनें मात्र आणखी एक गोष्ट टिपली होती. मुलांच्या लघवीला एक विचित्र, कुबट दर्प येत असे. हा दर्प आणि मुलांची मंद बुद्धि यांचा परस्परांशीं कांहीं संबंध आहे काय, असें ती भेटेल त्या वैद्याला विचारी. उत्तर कोणापाशींच नव्हतें.

प्रश्न वरवर पाहतां भाबडा वाटण्यासारखा आहे. परंतु इतका नेमका प्रश्न वैद्यकाच्या इतिहासांत फार थोड्यांनीं विचारला असेल.

मुलांचा बाप दंतवैद्य होता. विद्यार्थिदशेंत ज्यांच्या हाताखालीं तो शिकला त्या आस्ब्यॉर्न फॉलिंग यांची त्याला आठवण झाली. फॉलिंग हे आधीं रसायनशास्त्र शिकले आणि मग वैद्यकाकडे वळले. शरीरांत अन्नाचें रूपांतर कसें होतें हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्यांनीं मुलें तपासलीं. विशेष असें कांहींच आढळलें नाहीं. मग त्यांनीं लघवी तपासावयास घेतली. मधुमेही रोग्याच्या लघवींत कीटोन द्रव्यें आहेत कीं काय हें पाहण्यासाठीं त्या काळीं तिच्यांत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकीत. कीटोन असल्यास तांबूस रंग येई, नसल्यास विशेष फरक पडत नसे. या मुलांच्या लघवींत थेंब पडतांच ती गर्द हिरवी झाली, आणि कांहीं मिनिटांनीं तो रंग हळूहळू विरून गेला. असला हिरवा रंग फॉलिंग यांनीं पूर्वीं कधीं पाहिला नव्हता, कोणत्या पुस्तकांत वाचलाहि नव्हता.

एखादा घाईचा वैद्य, मुलांना दिलेल्या कसल्याशा औषधाचा हा परिणाम असेल, असें म्हणून येथेंच थांबला असता. फॉलिंग यांनाहि ती शंका आली. पण तिचें निरसन करण्याचा सरळ मार्ग त्यांनीं धरला. सर्व औषधें बंद करून पुन्हां लघवी आणावी, असें त्यांनीं मातेला सांगितलें. रंग पुन्हां हिरवाच आला. मग सुमारें दोन महिने ती माता लघवी आणून देत राहिली आणि फॉलिंग त्यांतून तें अज्ञात द्रव्य वेगळें काढण्याच्या उद्योगांत गढून गेले. वीस लिटरांहून अधिक लघवी या कामीं खर्चीं पडली. द्रव्य असें नाजूक कीं हवा लागली कीं बिघडे. म्हणून नायट्रोजन वायूच्या आवरणांत तें जपावें लागे. अखेर शुद्ध स्फटिक हातीं आले. त्यांचें पृथक्करण केलें, त्यांचा वितळबिंदु पाहिला, त्यांचें ज्ञात द्रव्याशीं ताडन करून पाहिलें. तें फेनिल-पायरूव्हिक ॲसिड होतें. निरोगी माणसाच्या लघवींत तें अशा प्रमाणांत येण्याचें कांहींएक कारण नव्हतें.

परंतु एका घरांतील दोन मुलांवरून सिद्धान्त उभा करणें शास्त्राला मंजूर नाहीं. फॉलिंग यांनीं ठिकठिकाणच्या संस्थांतून मतिमंद रुग्णांच्या लघवीचे ४३० नमुने मागविले. त्यांपैकीं आठांत तोच हिरवा रंग उमटला. या दहा रुग्णांत कांहीं सख्खीं भावंडें होतीं. बहुतेकांचा वर्ण गोरा, केस पिंगट, कातडी खरजेनें पीडलेली. आजवर केवळ ‘मतिमंद’ या एका सरसकट शब्दाखालीं कोंबलेल्या गर्दींतून एक विशिष्ट रोग प्रथमच वेगळा ओळखला गेला, आणि तोहि मेंदूकडे पाहून नव्हे, तर परीक्षानलिकेंतील रंगावरून. १९३४ मध्येंच फॉलिंग यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं इंग्लंडमधील लायोनेल पेनरोज यांनीं या विकाराला फेनिलकीटोनूरिया हें नांव सुचविलें व तेंच रूढ झालें.

आतां हा विकार आहे तरी काय? दूध, डाळी, धान्यें, अंडीं, मांस अशा अन्नांतून जें प्रथिन आपल्या पोटांत जातें त्याचे पचनानंतर लहान लहान घटक होतात. त्यांना अमिनो ॲसिडें म्हणतात. फेनिलॲलॅनिन हें त्यांतील एक. शरीर त्यांतील थोडा भाग नव्या प्रथिनाच्या बांधणीस वापरतें आणि उरलेल्याचें यकृतांत टायरोसिन नांवाच्या दुसऱ्या घटकांत रूपांतर करतें. हें रूपांतर घडवून आणणारें एक वितंचक आहे. तें निकामी असेल तर काय होईल, हें मळ्यांतील पाटाच्या दृष्टान्तानें सहज कळेल. पाटाच्या तोंडाशीं दरड कोसळली म्हणजे पलीकडचा वाफा सुकतो आणि अलीकडे पाणी तुंबून, बांध फोडून, नको तेथें पसरतें. येथें पलीकडे टायरोसिनचा तुटवडा पडतो. आणि केसांना, कातडीला काळेपणा देणारें द्रव्य टायरोसिनपासूनच होत असल्यामुळें मुलें फिकट दिसतात. अलीकडे फेनिलॲलॅनिन तुंबतें. रक्ताच्या १०० घन सेंटिमीटरांत जें एरव्हीं एक-दोन मिलिग्रॅम असावयाचें, तें वीस मिलिग्रॅमच्याहि वर चढतें. तेंच आडवाटेनें वळून लघवींत उतरतें व रंग हिरवा होतो. कुबट दर्पहि याच आडवाटेच्या द्रव्यांचा. मातेचा तर्क अक्षरशः खरा होता.

तुंबलेलें फेनिलॲलॅनिन वाढत्या मेंदूला विषासारखें बाधतें. आणि या रोगाची खरी क्रूरता येथेंच आहे. गर्भावस्थेंत मातेचें यकृत बाळाचें काम करीत असतें, म्हणून मूल जन्मतें तें अव्यंग. पहिल्या दुधाच्या घोटाबरोबर विष सांचूं लागतें. दोन-तीन महिने कोणालाच कांहीं दिसत नाहीं. सहा महिने, वर्ष उलटल्यावर मूल मागें पडल्याचें ध्यानीं येतें. तोंवर मेंदूचें जें नुकसान व्हावयाचें तें झालेलें असतें आणि तें पुन्हां भरून येत नाहीं. डोळ्यांना दिसेपर्यंत थांबणारें निदान येथें निदान नव्हेच. ती केवळ नोंद. १९३८ सालीं साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पर्ल बक यांची १९२० मध्यें जन्मलेली कन्या याच विकारानें मतिमंद झाली होती. त्या बाईंनीं मुलीला अनेक डॉक्टरांना दाखविलें. पण जगांत कोणाला ज्याचें नांवच ठाऊक नव्हतें तो रोग डॉक्टर तरी कसा ओळखणार!

शरीराच्या रासायनिक घडणींत जन्मजात चूक असूं शकते, ही कल्पना मात्र तेव्हां अगदीं नवी नव्हती. लंडनचे आर्चिबाल्ड गॅरॉड यांनीं १९०२ सालीं, हवेंत ठेवली असतां काळी पडणाऱ्या लघवीच्या विकारावरून ती मांडली होती. असला विकार बहुधा भावंडांत आढळतो आणि आईबाप चुलत-मावस भावंडें असल्यास अधिक आढळतो, हें त्यांनीं दाखविलें. फेनिलकीटोनूरियाचीहि तीच रीत. प्रत्येकाजवळ या वितंचकाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक बापाकडून आलेली. एक प्रत सदोष असली तरी दुसरीवर काम भागतें व माणूस पूर्ण निरोगी राहतो. असे दोन निरोगी वाहक योगायोगानें पतिपत्नी झाले तर त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याचा संभव चारांत एक. युरोपांत सरासरीनें दहा हजार बालकांत एकाला हा रोग होतो. त्यावरून हिशेब केला तर दर पन्नास माणसांत एक वाहक असतो. रोग विरळा, पण त्याचें बीज विरळा नव्हे!

आपल्याकडे मूल अधू निपजलें कीं दोष सुनेच्या माथीं मारण्याची रूढि अजून मेलेली नाहीं. या हिशेबांत तिला तिळभरहि आधार नाहीं. दोष बापाकडून येतो तितकाच आईकडून. आते-मामे भावंडांच्या लग्नाची चाल महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत आहे. अशा जोडप्यांत एकाच आजा-आजीकडून आलेली सदोष प्रत दोघांकडेहि असण्याचा संभव वाढतो, एवढें खरें. परंतु अशा लग्नांतून झालेलीं बहुसंख्य मुलें निरोगी असतात, हेंहि तितकेंच खरें आहे.

फॉलिंग यांच्या शोधानें त्या मातेला उत्तर मिळालें, पण तिच्या मुलांना उपाय मिळाला नाहीं. मुलगा थोड्याच वर्षांत वारला. १९४७ सालीं अमेरिकेंत जॉर्ज जर्व्हिस यांनीं या रुग्णांत फेनिलॲलॅनिनचें टायरोसिन होत नाहीं हें दाखविलें, तरी उपचाराची वाट बंदच होती. ती उघडण्यासहि एक माताच कारण झाली. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथील बालरुग्णालयांत हॉर्स्ट बिकेल नांवाचे जर्मन वैद्य काम करीत. त्यांनीं एका लहान मुलीला हा रोग असल्याचें निदान केलें. त्यांना वाटलें, काम झालें. मुलीची आई मात्र रोज सकाळीं प्रयोगशाळेच्या दाराशीं येऊन उभी राही. निदानाशीं तिला कर्तव्य नव्हतें. तिला हवा होता उपाय. अखेर बिकेल आणि त्यांचे सहकारी जॉन जेरार्ड व एव्हलिन हिकमन्स यांनीं लंडनच्या लुई वुल्फ यांच्या सल्ल्यानें एक आहार सिद्ध केला. दुधांतील केसीन या प्रथिनाचे अम्लानें तुकडे करावयाचे, तें द्रावण कोळशांतून गाळून फेनिलॲलॅनिन काढून टाकावयाचें आणि कोळशानें त्याबरोबर ओढून घेतलेले इतर आवश्यक घटक पुन्हां मिसळावयाचे. चव अर्थातच घाणेरडी!

आरंभीं एक चूक झाली. फेनिलॲलॅनिन जवळजवळ पूर्णपणें तोडल्यामुळें मुलीचें वजन घटूं लागलें. तें विष खरें, पण शरीराला तें थोडें लागतेंच; अजिबात न मिळाल्यास शरीर स्वतःचेंच मांस मोडून तें मिळवितें. म्हणून थोडें दूध मोजून देण्यास सुरुवात केली. पुढच्या कांहीं महिन्यांत मूल रांगूं लागलें, खुर्ची धरून उभें राहूं लागलें, त्याच्या डोळ्यांत तेज आलें, केस काळसर झाले, आणि सारखें रडणें व डोकें आपटणें थांबलें. हा गुण आहाराचाच कीं योगायोग? याचा निकाल लावण्यासाठीं डॉक्टरांनीं मातेला न सांगतां त्या आहारांत रोज पांच ग्रॅम फेनिलॲलॅनिन घातलें. सहा तासांत मुलगी रडूं लागली, डोकें आपटूं लागली. थोड्याच दिवसांत मिळविलेलें सारें गेलें. घातलेलें द्रव्य काढून घेतांच ती पुन्हां सुधारली. पुरावा निर्विवाद मिळाला. तथापि आईच्या अपरोक्ष तिच्या मुलावर असा प्रयोग करणें आज कोणत्याहि रुग्णालयाची नीति-समिति मान्य करणार नाहीं, आणि तें योग्यच आहे. हें सारें १९५३ सालीं प्रसिद्ध झालें.

उपाय सांपडला, पण तो लवकर सुरू झाला तरच उपयोगी. आणि लवकर निदान करणार कसें? ओल्या दुपट्यावर फेरिक क्लोराइड टाकून पाहण्याची पद्धत सोपी होती. परंतु लघवी हिरवी होण्याइतकें द्रव्य सांचण्यास कित्येक आठवडे लागत, आणि कधीं कधीं रोग असूनहि रंग येत नसे. ही अडचण अमेरिकेंतील बफेलो शहरच्या रॉबर्ट गथ्री यांनीं सोडविली. ते सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ. त्यांचा स्वतःचा एक मुलगा अन्य कारणानें मतिमंद होता, आणि त्यांच्या मेव्हणीच्या मुलीला फेनिलकीटोनूरिया असल्याचें ती पंधरा महिन्यांची झाल्यावर, म्हणजे फार उशीरा, उघडकीस आलें होतें.

गथ्रींची युक्ति मोठी चतुर आहे. मातींत सर्वत्र आढळणारा एक निरुपद्रवी जंतु त्यांनीं घेतला. बशींतील खाद्यांत त्याची वाढ रोखणारें एक द्रव्य घातलें. फेनिलॲलॅनिन भरपूर मिळालें तरच या द्रव्याचा अंमल तुटतो व जंतु वाढतो. आतां बाळाच्या टांचेला सुई टोंचून रक्ताचा थेंब जाड टिपकागदावर घ्यावयाचा, वाळवावयाचा, त्या डागाची लहान चकती कापून बशींत ठेवावयाची आणि एक रात्र वाट पाहावयाची. निरोगी बाळाच्या चकतीभोंवतीं कांहीं उगवत नाहीं. रोगी बाळाच्या चकतीभोंवतीं चंद्राला खळें पडावें तसें जंतूंचें वलय उमटतें, आणि जितकें द्रव्य अधिक तितकें वलय मोठें. एका बशींत अनेक बाळांची परीक्षा एकदम होते. रक्ताची बाटली नको, बर्फ नको. वाळलेला कागद पाकिटांत घालून टपालानें धाडला कीं झालें. या साध्या कागदानें जितकी क्रान्ति केली तितकी मोठमोठ्या यंत्रांनींहि क्वचितच केली असेल. १९६१ पासून दोन वर्षांत अमेरिकेच्या २९ संस्थानांतून सुमारें ४,००,००० बालकें तपासलीं गेलीं. त्यांत ३९ रोगी सांपडलीं. १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानानें ही परीक्षा कायद्यानें बंधनकारक केली आणि मागोमाग इतर संस्थानें व देशहि त्या वाटेनें गेले.

ज्यांचा उपचार पहिल्या कांहीं दिवसांत सुरू झाला तीं मुलें शाळेंत गेलीं, कामधंद्याला लागलीं. परंतु या यशाच्या पोटीं एक नवें संकट दडलेलें होतें. मेंदूची वाढ झाली म्हणजे पथ्य संपलें, अशा समजुतीनें पुष्कळांचें पथ्य बालपणींच सोडविण्यांत आलें. त्यांतल्या मुली मोठ्या झाल्या, त्यांचीं लग्नें झालीं, आणि त्यांच्या पोटीं लहान डोक्याचीं, मंद बुद्धीचीं, कित्येकदां हृदयांत दोष असलेलीं मुलें जन्माला येऊं लागलीं. त्या मुलांना स्वतःला रोग नव्हता. आईच्या रक्तांत तुंबलेलें द्रव्य नाळेंतून त्यांच्यापर्यंत पोंचत होतें. एका पिढीचें वांचविलेलें दुसऱ्या पिढींत हरपत होतें. म्हणून आतां पथ्य जन्मभर पाळावें असा सल्ला देतात, आणि गर्भधारणेपूर्वींपासून तें कडक असावें यावर विशेष कटाक्ष असतो.

पथ्य म्हणजे काय, हें मराठी स्वयंपाकघरांत उभें राहून पाहिलें तर त्याची कठोरता कळते. वरण नाहीं, उसळ नाहीं, दूध-दहीं नाहीं, पनीर, अंडें, मासळी नाहीं, पोळी-भातहि तोलून. साबुदाणा, बहुतेक फळें, कांहीं भाज्या, तूप, साखर चालतात. साबुदाण्याच्या खिचडींतलें दाण्याचें कूट मात्र चालत नाहीं. अंगावरचें दूध अजिबात बंद करावें लागत नाहीं. गाईच्या दुधापेक्षां त्यांत फेनिलॲलॅनिन कमी असल्यानें तें बेतानें देतां येतें. बाकीचें पोषण खास बनविलेल्या पावडरींतून. ‘साखरमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयांतील ॲस्पार्टेम हें गोड द्रव्य या रुग्णांनीं कटाक्षानें टाळावें, कारण पोटांत गेल्यावर त्यांतून फेनिलॲलॅनिनच सुटतें.

जंतूंच्या बशीची जागा बहुतेक ठिकाणीं आतां वस्तुमानमापक यंत्रानें घेतली आहे. १९९० नंतर प्रचारांत आलेल्या या पद्धतीनें त्याच वाळलेल्या थेंबांतून कित्येक विरळा विकार एकाच वेळीं पारखतां येतात. परंतु चाळणी म्हणजे निदान नव्हे. चाळणींत अडकलेल्या बाळाची परीक्षा पुन्हां करावी लागते; कित्येकांचा दुसरा अहवाल निर्दोष निघतो आणि आईबापांचे मधले दिवस विनाकारण काळजींत जातात. उलट, द्रव्य खरोखर वाढलेल्या बालकांपैकीं शेंकडा एक-दोन असे असतात कीं त्यांचें वितंचक शाबूत असतें, पण त्या वितंचकाला लागणारा साहाय्यक घटक तयार होत नाहीं. त्यांना केवळ पथ्य देऊन भागत नाहीं; औषधें निराळीं लागतात. हा भेद वेळींच न केला तर पथ्य काटेकोर पाळूनहि मूल हातचें जातें. जनुकपरीक्षेचा उपयोग येथें होतो. बाराव्या गुणसूत्रावरील या एका जनुकांत हजाराहून अधिक प्रकारचे दोष आजवर नोंदले गेले आहेत. कांहींत वितंचक पार नष्ट, कांहींत मंद, आणि मंद असलेल्यांपैकीं कांहींना गोळ्यांचा उपयोग होतो. कुटुंबांतील दोष एकदां नेमका कळला म्हणजे पुढच्या गरोदरपणांत गर्भाची परीक्षा करतां येते.

भारतांत फेनिलकीटोनूरिया युरोपाहून कमी आढळतो. परंतु त्याच थेंबांत कळणारे दुसरे विकार येथें आहेत. जन्मतः गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि मंद असणें हा त्यांतील मुख्य. त्याचा परिणामहि असाच मतिमंदत्व, आणि त्याचा उपाय तर पथ्याहूनहि सोपा, रोज एक स्वस्त गोळी. तरीहि सर्व नवजात बालकांची अशी तपासणी भारतभर सक्तीची झालेली नाहीं. गोवा राज्यानें २००८ सालीं सरकारी रुग्णालयांत हा उपक्रम आरंभून पाऊल पुढें टाकलें होतें. केंद्र सरकारनें २०२१ सालीं विरळा रोगांविषयीं राष्ट्रीय धोरण जाहीर केलें. त्याअन्वयें नेमलेल्या उत्कृष्टता-केंद्रांत मुंबईचें के. ई. एम. रुग्णालय आहे. ज्या घरांत एक मूल कारण न कळतां मागें पडलें किंवा दगावलें आहे, त्या घरानें दुसऱ्या मुलाची वाट पाहण्यापूर्वींच अशा केंद्राकडे जावें.

इतरांनीं बाळंतिणीला रुग्णालयांतून घरीं नेण्यापूर्वीं टांचेचा थेंब घेतला कीं नाहीं, एवढें विचारावें. थेंब घेण्यास बाळ अठ्ठेचाळीस तासांचें झालेलें बरें, कारण कांहीं दूध पोटांत गेल्यावांचून द्रव्य रक्तांत चढत नाहीं. पहिल्या चोवीस तासांतच घरीं जावें लागलें तर जातांना थेंब द्यावा आणि पहिला आठवडा संपण्याच्या आंत बाळाला पुन्हां आणून दुसरा द्यावा. कागद घेणाऱ्याला आपला पत्ता व दूरध्वनीचा क्रमांक नीट लिहून द्यावा. कारण अहवालांत कांहीं निघालें तर निरोप त्याच दिवशीं पोंचला पाहिजे.